रोट संपेपर्यंत सुई नाही

केळीच्या बागेतली माती मे महिन्यातही गार असते.

मुलाखत घेणाऱ्याने शिकवू नये. चूक सुधारू नये. उत्तर ऐकताना मान हलवू नये, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही.

जामनेरच्या एका पेशंटला, अभिमन आबांना, वाचून दाखवलं : मी माझ्या मनातली काळजी दुसऱ्याजवळ बोलू शकतो. अगदी बरोबर, बरोबर, सांगता येत नाही, चूक, अगदी चूक. आबा म्हणाले, "दुसरा कोन हाये ते सांग आंधी."

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही.

पुण्याहून आलेल्या कागदावर 'स्वव्यवस्थापन' असा शब्द होता. जळगावात त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'काळजी'. पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

ज्याला लहान वयात साखरेचा आजार होतो त्याचं इन्शुलिन बंद पडलं, की एकदोन दिवसांत त्याच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळाचा वास येतो.

"हे भरल्यावर मले काय भेटीन?"
"काही नाही, आबा."
"मंग बरोबर लिहा. सगळ्याले बरोबर लिहा."

कानबाई देवीचा रोट, म्हणजे नैवेद्य, भाऊबंदांनीच खायचा. तो परक्याला देत नाहीत आणि टाकतही नाहीत.

*

विधान १. मला कोणता आजार आहे, हे मला नीट माहीत आहे.

सुनंदाबाई धुळ्याच्या. प्रौढ शिक्षणाचे वर्ग घेण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. वर्ग बंद पडले, आणि १९९४च्या उन्हाळ्यात जळगावात एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांना हे काम मिळालं. साखरेचे पेशंट आपला आजार आपल्या हाताने कितपत सांभाळू शकतात, हे मोजणारी एक प्रश्नावली मराठीत उतरवली होती. ती जे मोजते म्हणते तेच मोजते का, हे पाहायचं होतं. म्हणजे पेशंटला तपासायचं नव्हतं, प्रश्नावलीला तपासायचं होतं.

दवाखान्याचे डॉक्टर बाविस्कर हे वारंवार सांगत. "परीक्षा कागदाची आहे, बाई. माणूस चुकला तर चुकू द्या. कागद चुकायला नको."

पद्धत अशी : एका पेशंटला सगळी विधानं वाचून दाखवायची. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं, पुन्हा तीच विधानं, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. माणूस मधल्या काळात बदलला नसेल तर उत्तरंही बदलायला नकोत. उत्तरं बदलली तर विधान कच्चं. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये पेशंटला काहीही शिकवायचं नाही.

"पंधरा दिवसांत पेशंट शहाणा झाला, की आपली पंचाईत," बाविस्कर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

सुनंदाबाई हसल्या नाहीत. त्यांचा सगळा जन्म फळ्यासमोर गेला होता. समोरचा 'क' उलटा काढतोय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. मुलाखतीच्या वेळी त्या डावा हात मांडीखाली दाबून बसत.

विधान ४. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन मी एकही दिवस चुकवत नाही.

बेबाबाईचं सासर यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. घर नवं, स्लॅबचं, ओट्यावर शहाबादी फरशी. घरामागून केळीची बाग सुरू व्हायची ती डोंगर दिसेनासा करायची.

ओट्यावर सासू कमलबाई बसल्या होत्या. पायरीवर बेबाबाई. वय बावीस-तेवीस, अंगाने काटकुळी, डोक्यावर पदर. हा आजार तिला शाळेत असल्यापासून होता. दिवसातून दोनदा सुई, त्याशिवाय जगणं नाही. माहेर दोंडाईच्याचं, त्यामुळे तिची बोली सासरच्यांपेक्षा वेगळी पडायची, आणि त्यावरून घरात थट्टा चालायची.

"ही 'बठ्ठं' म्हनते," कमलबाईंनी सुनंदाबाईंना सांगितलं. "पयल्या पयल्यानं मले वाटे, ही काही मागूच राह्यली."

"मी धुळ्याची आहे, अक्का. बठ्ठं म्हणजे सगळं. मला कळतं तिचं."

"मंग बरं झालं. तिले बोलाले कोनी भेटलं."

सुनंदाबाईंनी विधान वाचलं. पाच उत्तरांसाठी हाताची पाच बोटं दाखवली. अंगठा म्हणजे अगदी बरोबर, करंगळी म्हणजे अगदी चूक.

बेबाबाईने सुनंदाबाईंचा अंगठा धरला. "अगदी बरोबर."

"रोटाचे दिस सोडून," कमलबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजे काय? नागपंचमीपासून सुई बंद. कानबाई येते, जाते, मंग रोट संपेपर्यंत आमच्या घरात सुई नई. कपड्याची नई, गोधडीची नई, दवाखान्याची नई. माह्या सासूनं पाळलं, मी पाळते, ही पाळते."

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी ती विसर्जनाला जाते. पण तिच्या नावाने केलेल्या पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, हा रोट, घरच्यांनी पुढे किती तरी दिवस खायचा असतो. पौर्णिमेच्या आत संपला पाहिजे, एवढंच बंधन. सुईचं बंधन सगळीकडे नव्हतं. ते या घराचं होतं. सुनंदाबाईंनी मनातल्या मनात मांडलं : आठवडाभर पुरण, आणि आठवडाभर इन्शुलिन नाही.

"म्हणजे ते दिवस चुकतात ना?"

"चुकत कुठी? ते दिस धरतच नई आमी."

बेबाबाई पायरीवरची बारीक खडी वेचून बाजूला टाकत होती. तिने वर पाहिलं नाही.

सुनंदाबाईंनी लिहिलं : अगदी बरोबर. डावा हात मांडीखाली इतका दाबला, की मुंग्या आल्या.

विधान ११. माझ्या आजाराची काळजी मी स्वतः घेऊ शकते.

"स्वतः?" कमलबाईंनी विचारलं. "आन आमी काय मेलो?"

"तसं नाही अक्का. नुसतं विचारलंय."

"इचारनं बी कसं हे. उद्या आळीत होईन का कमलबाईची सून सोताच सोताचं पाह्यते. निंबाले तोंड दाखवाले जागा ऱ्हाईन का?"

निंबा म्हणजे बेबाबाईचा नवरा. तो ओट्याच्या कडेला सायकलची साखळी बसवत होता. त्याने मान खालीच ठेवली. "आई, बाई त्यायचं काम करू राह्यल्या. करू दे."

"करू दे ना. मी कुठी धरलं?"

बेबाबाईने करंगळी धरली. "अगदी चूक लिखा," ती म्हणाली. "माले काय येस? बठ्ठं सासूबाई करतस."

कमलबाईंनी समाधानाने पाय पसरले. "च्या ठेव," त्या म्हणाल्या.

*

— दुसरी फेरी कधी येते तिची, बाई?
— कानबाईनंतर.
— मग तेव्हा सांगा. फेरी झाली की मी चिठ्ठी देतो, सविस्तर. सासूला दवाखान्यात बोलावून घेऊ.
— सर, तोपर्यंत ती जगली पाहिजे.
— तुम्ही जरा...
— फेरी आधी घेऊ या. नागपंचमीच्या आत.
— पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, बाई. मग बाकीच्यांचे पंधरा आणि हिचे सहा, असं कसं चालेल?
— तिला वगळा मग.
— वगळलं तर ती आपली पेशंटच नाही. मग तुम्ही कोणत्या नात्याने जाणार तिथे? बाई, या भागात माझी प्रॅक्टिस तुमच्या आधीपासून आहे. ही माणसं बोलतात एक, करतात एक. तुम्ही मनावर घेऊ नका.

*

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुनंदाबाई कोणाला न सांगता यावलच्या गाडीत बसल्या, आणि गाडी सुटल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच वाक्य वेगवेगळ्या रीतीने तयार होत होतं, कधी अक्का तुमच्या सुनेला मारायचंय का तुम्हाला असं, कधी अक्का मी पाया पडते असं, कधी कानबाई काय सुनेचा जीव मागते का असं, पण हे तिसरं चालणार नव्हतं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरीही, धुळ्याला, कानबाई बसत होती आणि रोटाच्या पोळ्या खाताना त्यांनी कधी कोणाला का असं विचारलं नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या टोपलीत कोंबडी होती, ती दर खड्ड्याला ओरडत होती, आणि भुसावळचा रस्ता मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना केळी, केळी, केळी सुरू झाली, आणि त्यांना वाटलं, आपण नुसतं सांगायचं, जसं वर्गात सांगत होतो तसं, शांतपणे, कारणासकट, की माणूस कारण समजलं की ऐकतो.

(या भागाला विधान नाही.)

कमलबाई ओट्यावर सुपात रोटाचे गहू निवडत होत्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, असे हे गहू घेतात, म्हणून बाजूला पितळी पातेलं होतं आणि कोणी मध्ये बोललेलं चालत नव्हतं. सुनंदाबाई थांबल्या. मुठी झाल्यावर कमलबाई म्हणाल्या, "बसा. कागद आनला का पुन्हा?"

"नाही अक्का. आज कागद नाही. आज तुमच्याशीच बोलायला आले."

आतून बेबाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुनंदाबाईंना पाहून तिचा चेहरा उजळला, आणि कागद नाही हे पाहून तो पुन्हा मावळला. ती उंबऱ्यातच थांबली.

सुनंदाबाईंनी शांतपणे सांगितलं. साखर म्हणजे काय, ती रक्तात का साचते, सुई काय करते. म्हाताऱ्या माणसांचा आजार वेगळा, त्यांना गोळ्या पुरतात, एखादा दिवस चुकला तर निभावतं. हिचं तसं नाही. हिच्या अंगात ते औषध बनतच नाही. बाहेरून दिलं तरच.

कमलबाई ऐकत होत्या. मध्येच सुपातला खडा काढून टाकत होत्या.

"बाई, च्या लेतस का?" बेबाबाईने विचारलं.

"नको गं. अक्का, म्हणून उद्यापासून सुई बंद करू नका. बाकी सगळं पाळा. रोट तिने थोडा खाल्ला तर चालेल, पण सुई..."

"तुमी शिकेल लोक," कमलबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी तुमचं खोटं नई म्हनत. पन दोन सालं झाले हिच्या लग्नाले. दोन्ही साली बंद ठेवली सुई. काय झालं तिले? काही नई झालं. पोळी खाल्ली, खीर खाल्ली, कानबाईपुढे फुगडी खेयली. तुमच्या हिशेबानं तं ती..."

"बाई, च्या ल्या ना. ठेवेल शे," बेबाबाई म्हणाली.

"थांब गं जरा. अक्का, ते शक्य नाही."

"काहून शक्य नई?"

"सुई इतके दिवस बंद राहिली असती तर ही मुलगी आज इथे उभी नसती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावी लागली असती, बेशुद्ध. हे होऊच शकत नाही."

"बाई," बेबाबाई म्हणाली. "च्या."

मग सुनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

तांब्या तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. पाणी सांडत होतं, पोलक्यावर, पदरावर, उंबऱ्यावर, आणि ती तांब्या सरळ करत नव्हती.

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचं डोकं हळू चालत होतं, पण नीट चालत होतं.

"होऊच शकत नई म्हंजे," त्या म्हणाल्या, "सुई बंद नव्हती."

त्या उंबऱ्याकडे वळल्या.

"कानबाई घरात होती, आन सुई चालू होती. व्हय ना गं?"

"अक्का, मी म्हणत होते ते..."

"तुमी नका बोलू, बाई. तुमचं झालं बोलून. बेबा, मी तुले इचारते. मागच्या साली कानबाई बसली तव्हा तू सुई घेतली?"

बेबाबाईने मान हलवली. होकाराची.

"त्याच्या मागच्या साली?"

पुन्हा.

"आन भादव्यात तुह्यं पोट पडलं."

सुनंदाबाई बोलू लागल्या. पोट पडलं ते साखर वाढल्यामुळे असेल, या आजारात पहिल्या महिन्यांत तसं होतं, सुई घेतली म्हणून नव्हे तर उलट, उलट, अक्का, सुई आणखी काटेकोर घेतली असती तर. त्या वैद्यकीयदृष्ट्या बरोबर बोलत होत्या. एखाद्या चांगल्या डॉक्टरनेही त्यांच्या बोलण्यातून शब्द काढला नसता. कमलबाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. त्या पितळी पातेल्यातल्या गव्हाकडे पाहत होत्या, आणि त्यांनी ते गहू पुन्हा पोत्यात ओतले. मुठी मोडल्या. आता पहिल्यापासून घ्याव्या लागणार होत्या.

निंबा बागेतून आला. पायाला चिखल, हातात विळा. ओट्यावरच्या तिन्ही बायकांकडे त्याने पाहिलं.

"काय झालं?"

"इचार तुह्या बायकोले," कमलबाई म्हणाल्या.

त्याने विचारलं नाही. विळा भिंतीला टेकवून ठेवला आणि पाय धुवायला गेला. बराच वेळ पाय धूत राहिला.

*

संध्याकाळच्या गाडीपर्यंत सुनंदाबाई तिथेच होत्या. त्यांनी तोड काढली, आणि ती सगळ्यांना पटली. सुई घरात नको, तर रोट संपेपर्यंत बेबाबाईने माहेरी, दोंडाईच्याला राहावं. तिथे तिच्या वडिलांच्या घरी सुईला बंधन नाही. औषध चालू राहील, कानबाईचंही राहील. कमलबाई लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच, की सुनंदाबाईंना बरं वाटलं.

बेबाबाईने पिशवी भरली. तिने फक्त एकदा विचारलं, "मनं रोटनं काय?"

सुनेच्या वाटचा रोट सासरच्या घरातच खायचा असतो. तो दोंडाईच्याला पाठवता येणार नव्हता, तिच्या माहेरचे भाऊबंद वेगळे. 

"तुह्या वाटचं आमी खाऊ," कमलबाई म्हणाल्या.

निंबाने तिला यावलच्या स्टँडवर सोडलं. जळगावपर्यंत सुनंदाबाई सोबत होत्या. वाटेत बेबाबाई झोपली, किंवा तसं दाखवलं.

विधान १७. माझ्या आजाराच्या बाबतीत घरातलं कोण मदत करतं, हे मला माहीत आहे.

पोळा झाला. दुसऱ्या फेरीचे पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले होते. बाविस्करांना सुनंदाबाईंनी सांगितलं, की पेशंट माहेरी गेली आहे, फेरी दोंडाईच्याला घेते. का गेली हे त्यांनी विचारलं नाही. "उशीर झाला, पण घ्या," ते म्हणाले. "गळती जास्त दिसली तर बरं दिसत नाही."

सुरतेच्या गाडीने त्या दोंडाईच्याला उतरल्या. स्टेशनमागच्या आळीत घर. ओसरीवर मुगाच्या शेंगांचा ढीग होता, आणि बेबाबाई एकटीच शेंगा फोडत बसली होती. भावजय शेतात, वडील बाजारात. तिने पाट दिला. चहाचं विचारलं नाही.

"नेवाले कोनी उनं नई," सासरचं तिने स्वतःहून सांगितलं. "रोट सरनात, पोळा गया. बाप म्हनस, मी घाली येस. मी म्हनस, बलावनं येऊ द्या."

"मी गेले होते परवा. तुझ्या सासूकडे."

बेबाबाईचे हात थांबले.

सुनंदाबाई खरंच गेल्या होत्या. कमलबाईंनी त्यांना बसवलं होतं, पाणी दिलं होतं. म्हणाल्या होत्या, "मी तिले वाईट म्हनत नई. तिनं मले सांगलं असतं, का आत्या, माह्यानं सुईबिगर होत नई, तं मीच काही काढलं असतं. देवीले इचारलं असतं, कौल लावला असता. पोट पडलं तव्हा मी रातभर तिच्याजोळ बसली. कानबाईले नवस बोलली. म्हटलं, आई, आमच्या हातून काय चुकलं ते सांग. आन ती उशीवर पडून आयकू राह्यली होती. तिले माहीत होतं. मी एकटीच इचारू राह्यली होती." आणि शेवटी, "निंबा म्हनतो आनू. मी म्हनते, थांब. माह्यं मन होऊ दे."

हे सगळं सुनंदाबाईंनी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, "थांब म्हणतात."

"मनी सासू वाईट नई शे," बेबाबाई म्हणाली, आणि पुन्हा शेंग फोडली.

"सुई कुठे घ्यायचीस तू? त्या दिवसांत?"

"बागमां. पाटजोडे मडकं गाडेल व्हतं. त्यामां बाटली. पानी चालू राहस ना, मडकं गार राहस. सकाय-संध्याकाय मी जाऊ, पानं आनाले चालनू म्हनीसन. सुई घिदी का मडकं परत गाडी देऊ." बोलताना ती पहिल्यांदाच थोडी हसली. "घरमां नई घिदी मी. एकबी दिन नई. बागमां घिदी. घरमां कानबाई व्हती ना."

सुनंदाबाईंनी मांडीवरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"बाटली कोण आणायचं?"

"तेस्नीच. यावलथीन." निंबाबद्दल ती बोलत होती. "मडकंबी तेस्नी गाडं."

"मग ते त्या दिवशी बोलले का नाहीत?"

"मायपुढे काय बोलतीन?"

बाहेर मालगाडी गेली. शेंगांचा ढीग हलला. बेबाबाईने टरफलं एका बाजूला लोटली.

"बाई, मी तीन टाइम म्हनी, च्या ल्या, च्या ल्या."

"हो."

"तुम्हनं ध्यान नई व्हतं."

सुनंदाबाईंनी मान हलवली. मग विधानं वाचायला सुरुवात केली, कारण त्यासाठीच त्या आल्या होत्या, आणि दुसरं काही वाचायला त्यांच्याजवळ नव्हतं. त्याच क्रमाने, त्याच आवाजात. बोटं दाखवली. बेबाबाई एकेक बोट धरत गेली. आता तिच्या शेजारी कोणी नव्हतं, आणि ती पटपट उत्तरं देत होती. चौथ्या विधानाला अंगठा. सतराव्याला, कोण मदत करतं, अंगठा.

अकरावं सुनंदाबाई चुकून गाळून पुढे गेल्या होत्या. किंवा चुकून नसेल. बेबाबाईनेच आठवण दिली. "ते सोतानं ऱ्हायनं ना?"

"माझ्या आजाराची काळजी मी स्वतः घेऊ शकते."

"अगदी बरोबर लिखा," ती म्हणाली. बोट धरलं नाही, दोन्ही हातांत मूग होते. तिने रिकाम्या ओसरीभर नजर फिरवली. "बठ्ठं मीच करस. आते आठे दुसरं कोन शे?"

*

अहवालातून :

अकराव्या विधानाला दोन्ही फेऱ्यांत मिळालेली उत्तरं जुळत नाहीत. न जुळण्याचं प्रमाण स्त्रियांत, त्यातही सासरी राहणाऱ्या विवाहित स्त्रियांत, लक्षणीय आहे. सबब हे विधान कच्चं धरून अंतिम प्रश्नावलीतून वगळण्यात येत आहे.

चौथ्या विधानाची उत्तरं दोन्ही फेऱ्यांत जुळतात. हे विधान पक्कं आहे.

यावल तालुक्यातील एका पेशंटची दुसरी फेरी मुदतीनंतर व वेगळ्या ठिकाणी घेतली गेली. तिचे दुसऱ्या फेरीतले गुण सर्व पेशंटांत वरच्या क्रमांकाचे आहेत.

*

सुनंदाबाईंनी बाविस्करांना एकदा सांगितलं, की अकरावं विधान वगळू नका. तेच एक खरं चाललं होतं.

"दोनदा वेगळं उत्तर आलं, बाई."

"दोन्ही खरी होती."

"एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरं मोजता येत नाहीत," ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुम्ही तिला मध्ये काही शिकवलं होतं का?"

"तिला नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

दिवाळीला निंबा दोंडाईच्याला आला. इन्शुलिनच्या दोन बाटल्या आणि केळीचा घड देऊन, न जेवता, संध्याकाळच्या गाडीने एकटा परत गेला. पुढच्या श्रावणातही बेबाबाई माहेरीच होती.

लग्नाआधी बेबाबाईला पाहायला आले होते तेव्हा तिच्या वडिलांनी आजाराचं आधीच सांगितलं होतं, आणि कमलबाई म्हणाल्या होत्या, सुईचं काय, आम्ही सांभाळू.